एलसी३-२ चा बँड वाढला म्हणजे ऑटोफॅजी वाढली का? वेस्टर्नवाल्यांनो, मदत हवी आहे

पिपेटवाली | १२ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती आणि भांडणं वाचायला येते. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

पुण्यात पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. एका वनस्पतीच्या अर्काचा हेला पेशींच्या (लॅबमध्ये वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी) ऑटोफॅजीवर, म्हणजे पेशी स्वतःचाच कचरा पचवते त्यावर, काय परिणाम होतो ते बघतेय. २४ तास अर्क दिला, लायसेट (पेशी फोडून मिळालेला रस) काढलं, एलसी३ या प्रथिनाचा वेस्टर्न (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटीबॉडीने हवं ते शोधणं) केला. एलसी३-२ चा बँड कंट्रोलच्या जवळजवळ तिप्पट. तीनदा केलं, तीनदा तेच. सर खूश. "अर्क ऑटोफॅजी वाढवतो" असं शीर्षक ठरलं, पेपर गेला. काल परीक्षकांचे शेरे आले. पहिल्याला फक्त शुद्धलेखन खटकलंय. दुसऱ्याने लिहिलंय की फ्लक्स (कचरा शेवटपर्यंत पचतोय का, किती वेगाने) दाखवा, नाहीतर दावा मागे घ्या.

तर मला विचारायचंय:

फ्लक्ससाठी कमीत कमी काय केलं तर चालेल? (बजेट संपलंय, मार्च कधीच उलटला.)

एलसी३-१ चा बँड कधी येतो, कधी गायब. असं का होतं?

यूएलके१ (ऑटोफॅजी सुरू करणारं प्रथिन) च्या फॉस्फो अँटीबॉडीला (फॉस्फेट लागलेलं रूपच धरणारी) नुसता डाग येतो, बँड नाही. सर म्हणतात अँटीबॉडी बदल. ती अँटीबॉडी जवळजवळ माझ्या महिन्याच्या फेलोशिपएवढी आहे.

आगाऊ बगळा | १३ जून, सकाळी ७:१०

ऑटो दिसलं म्हणून रिक्षा मीटरचा धागा समजून आत आलो. चालू द्या.

राईनकाठी | १३ जून, दुपारी १:३५

पिपेटवाली, परीक्षकावर रागावू नका, तो बरोबर आहे. आणि तुमचा बँडही खरा आहे. चूक आहे ती दोघांच्या मधल्या वाक्यात.

एलसी३ हे प्रथिन तयार झाल्यावर एटीजी४ त्याचं शेपूट कापतं, टोकाला ग्लायसिन उघडं पडतं. हे झालं एलसी३-१. मग एटीजी७, एटीजी३ आणि एटीजी१२-५-१६एल१ ची जोडगोळी मिळून त्या ग्लायसिनला फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन नावाचा मेदाचा रेणू चिकटवतात. हे एलसी३-२. ते ऑटोफॅगोसोमच्या (पेशीतला कचरा गुंडाळणारी पिशवी) पडद्यात रुतून बसतं, म्हणून त्याच्यावरून ऑटोफॅगोसोम किती आहेत याचा अंदाज येतो. किती *आहेत* याचा. किती *होतायत* याचा नाही. लायसोसोमशी (पेशीतलं पचनाचं ठिकाण) जोडणी झाली की आतल्या बाजूचं एलसी३-२ स्वतःच पचून जातं. म्हणजे बँड वाढतो तो एक तर निर्मिती वाढल्यामुळे किंवा पचन अडल्यामुळे. नुसत्या बँडवरून हे दोन्ही सारखेच दिसतात.

कमीत कमी प्रयोग म्हणजे चार लेन. कंट्रोल, अर्क, बॅफिलोमायसिन (लायसोसोमचं पचन थांबवणारं औषध), आणि चौथीत अर्क व बॅफिलोमायसिन दोन्ही. बॅफिलोमायसिन १०० नॅनोमोलर, आणि ते २४ तास देऊ नका, पेशी दुसऱ्याच कारणांनी मरतील. शेवटचे २ ते ४ तास पुरे. चौथ्या लेनचा एलसी३-२ तिसरीपेक्षा जास्त आला तर निर्मिती वाढली. तिसरी आणि चौथी सारख्याच आल्या तर सरांशी बोलायची तयारी ठेवा.

चकलीचा सोऱ्या | १३ जून, दुपारी २:०२

वरचं सगळं मराठीत आहे एवढं कळलं. आमच्यासारख्यांना झेपेल असं कुणी सांगेल का? मुलगी बारावीला आहे, तिला वाचून दाखवायचंय.

राईनकाठी | १३ जून, दुपारी ३:२०

काकू, प्रयत्न करतो.

सोसायटीच्या दारात काल कचऱ्याच्या पाच पिशव्या होत्या, आज पंधरा आहेत. मग आज घराघरांत जोरात साफसफाई निघाली, की घंटागाडी आलीच नाही? पिशव्या मोजून कळणार नाही. पिशवी म्हणजे ऑटोफॅगोसोम, घंटागाडी म्हणजे लायसोसोम, आणि एलसी३-२ ही पिशवीची गाठ. गाठी मोजल्या की पिशव्या मोजल्यासारखंच.

छडा लावायचा तर दोन्ही सोसायट्यांत घंटागाडीचा मुद्दाम दोन तास संप घडवायचा. तो संप म्हणजे बॅफिलोमायसिन. जिथे साफसफाई जास्त, तिथे संपात जास्त पिशव्या साठतील. आणि एखाद्या सोसायटीत संप करूनही ढीग वाढलाच नाही, तर तिथे गाडी आधीपासूनच येत नव्हती.

चकलीचा सोऱ्या | १३ जून, दुपारी ३:३१

हे कळलं! मुलीलाही कळलं. ती विचारतेय संप मिटल्यावर काय होतं. 🙂

सात्त्विक | १३ जून, सायंकाळी ६:४४

ऑटोफॅजीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, जपानी शास्त्रज्ञाला २०१६ चं नोबेल याच्यावर मिळालं की उपास केला की शरीर स्वतःचा कचरा खातं. आपल्या पूर्वजांनी एकादशी उगाच नाही ठेवली.

आगाऊ बगळा | १३ जून, सायंकाळी ६:४६

आले. मी दुपारपासून वाटच बघत होतो.

निवृत्त_वनस्पती | १३ जून, रात्री ९:१५

सात्त्विक, राग मानू नका, पण योशिनोरी ओसुमींना नोबेल मिळालं ते यीस्टवरच्या कामासाठी. उपास केला तो यीस्टने, तोही नायट्रोजनचा.

त्यांनी काय केलं ते सांगण्यासारखं आहे, कारण ते या धाग्याच्याच प्रश्नाचं उत्तर आहे. यीस्टची पेशी इतकी बारीक की तिच्यातले ऑटोफॅगोसोम साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणं मुश्कील. शिवाय ते व्हॅक्युओलमध्ये (यीस्टचा लायसोसोमच म्हणा) पोचले की लगेच पचतात. ओसुमींनी असं यीस्ट घेतलं ज्याच्या व्हॅक्युओलमध्ये पचवणारी विकरंच नव्हती. मग त्याला उपाशी ठेवलं. काही तासांत व्हॅक्युओल गोल गोल पुटकुळ्यांनी भरून गेला आणि त्या आत थरथरत नाचताना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागल्या. हे १९९२ मध्ये छापून आलं. पुढे १९९३ मध्ये त्यांनी ज्या यीस्टमध्ये पुटकुळ्या साठतच नाहीत असे पंधरा उत्परिवर्ती निवडले, आणि आज एटीजी म्हणून जी जनुकं आपण धरून चालतो त्यांतली बरीचशी तिथून आली.

म्हणजे राईनकाठींचा घंटागाडीचा संप ओसुमींनी तीस वर्षांपूर्वीच करून दाखवला होता. परीक्षक मुलीकडून तेच मागतो आहे.

अवांतर: ऑटोफॅजी हा शब्द त्याआधीचा. ख्रिश्चन द डूव्ह यांनी १९६३ मध्ये वापरला. आमच्या पिढीकडे पुरावा म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच होता. दुहेरी पडदा आणि आत अजून न पचलेला माल दिसला तर ऑटोफॅगोसोम. एका ग्रिडवर दुपार जायची. बँड बघून दावा करायची सोय नव्हती, त्यामुळे अशी चूकही नव्हती. चुका होत्या, पण वेगळ्या.

सात्त्विक | १३ जून, रात्री ९:४०

पण उपाशी राहिल्यावर वाढते हे तर खरं ना?

निवृत्त_वनस्पती | १३ जून, रात्री १०:०५

उंदरात, यकृतात, दिवसभर अन्न काढून घेतलं की वाढते, हे दिसलं आहे. माणसाच्या यकृताचा तुकडा दर एकादशीला काढून बघायला कोणी तयार होत नाही. आणि साबुदाण्याच्या खिचडीवर शेंगदाण्याचा कूट, वर बटाट्याचा कीस, वर वऱ्याचे तांदूळ. एकादशी अन् दुप्पट खाशी. त्यात कुठली पेशी उपाशी राहणार?

आगाऊ बगळा | १३ जून, रात्री १०:०६

काकांनी दिवा न देताच पेटवला.

जेलबाबा | १४ जून, सकाळी १०:३०

मूळ प्रश्नाकडे येऊ या. एलसी३-१ चं मोजमाप महत्त्वाचं आहे. मी नेहमी २ भागिले १ असं गुणोत्तर काढतो. पिपेटवालीचा १ चा बँडच धड येत नसेल तर तिचं "तिप्पट" कशाच्या आधारावर?

राईनकाठी | १४ जून, सकाळी ११:१२

जेलबाबा, तीव्र असहमती. २ भागिले १ काढूच नका. एकच अँटीबॉडी दोन्ही रूपांना सारख्या जोराने पकडत नाही, बहुतेक २ ला जास्त धरतात. वर एलसी३-१ भलतं नाजूक: लायसेट गोठवा, वितळवा, परत गोठवा, की १ कमी झालंच. २ टिकून राहतं. मग गुणोत्तर फ्रीझरच्या मर्जीवर वाढतं. एलसी३-२ ला ॲक्टिन नाहीतर ट्यूब्युलिनने भागा आणि मोकळे व्हा.

जेलबाबा | १४ जून, दुपारी १२:४०

पेशींपुरतं मान्य. पण मी उंदराच्या मेंदूवर काम केलंय. तिथे १ ढीगभर आणि २ नावाला. दोन्ही बँड दाखवले नाहीत तर वाचणाऱ्याला काय कळणार? दाखवावेत, भागू नयेत, असं म्हणू का?

राईनकाठी | १४ जून, दुपारी १२:५५

असं म्हटलंत तर भांडण मिटलं.

सोलापुरी_चादर | १४ जून, रात्री ८:२०

वाचनखूण साठवली. आता तिसऱ्या प्रश्नावर कोणीच बोलेना म्हणून मी बोलते. फॉस्फो प्रकरणात मी दोन वर्षं घालवलीत.

पिपेटवाली, आधी सांग, अँटीबॉडी यूएलके१ च्या कुठल्या जागेची? आणि ब्लॉक, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा बुजवणं, कशात करतेस?

पिपेटवाली | १४ जून, रात्री ८:४८

सेरिन ७५७ ची. ब्लॉक ५ टक्के दूध पावडरमध्ये. चहाची नाही, लॅबची. 🙂

जेलबाबा, १ चा बँड गायब झाला ते सगळे जुने लायसेट निघाले. ज्युनिअरने डबा बाहेर काढून ठेवला होता आणि त्याच दिवशी सकाळी वीज गेली होती. आत्ता वही काढून बघितलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणायचं.

सोलापुरी_चादर | १४ जून, रात्री ९:३५

अगं, तिथेच गोम आहे. दुधातलं केसीन स्वतः फॉस्फोप्रथिन. फॉस्फो अँटीबॉडी त्यावरच बसते आणि अख्खं मेम्ब्रेन काळं होतं. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घे. बफर टीबीएस, फॉस्फेटवालं पीबीएस नको.

लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणारी विकरं, रोखणारी औषधं ताजी घाल: सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, ऑर्थोव्हॅनाडेट. व्हॅनाडेट नुसतं विरघळवून चालत नाही. पीएच १० ला आणायचं, पिवळं होतं, मग उकळायचं, पाणी निवळ झालं की परत पीएच बघायचा. पिवळं राहिलं तर ते काम करत नाही. आमच्याकडे शेल्फवर पिवळी बाटली कितीतरी महिने "व्हॅनाडेट" म्हणून फिरत होती.

आणि ७५७ हा उंदराचा क्रमांक. तुझ्या हेला माणसाच्या आहेत, त्यात तीच जागा ७५८. अँटीबॉडी बहुधा दोन्ही धरते, पण कागद वाचून बघ. तिथे फॉस्फेट लावतो एमटॉर (पेशीचं पोट भरलेलं असताना ऑटोफॅजी दाबून ठेवणारं विकर), म्हणजे खाल्ल्यापिल्ल्या पेशीत बँड हवा आणि उपाशी पेशीत जायला हवा. तू बँड शोधतेयस उपाशी लेनमध्ये की कंट्रोलमध्ये? कंट्रोलमध्येच नसेल तरच अँटीबॉडीवर शंका घे. शंका घेतलीस तर थोड्या लायसेटवर लॅम्डा फॉस्फेटेज चालव. बँड त्याने गेला तर खरा, राहिला तर खोटा. अँटीबॉडीपेक्षा स्वस्त पडतं.

अजून एक. यूएलके१ जवळजवळ १५० किलोडाल्टन, एलसी३-२ सुमारे १४. एकाच जेलवर दोन्ही धरायला जाऊ नकोस. मोठं जेलमध्येच अडकतं, लहान मेम्ब्रेन फोडून पलीकडे जातं. दोन जेल कर. लहानाला १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ, मोठ्याला ८ टक्के, रात्रभर थंडीत ट्रान्सफर.

चकलीचा सोऱ्या | १४ जून, रात्री ९:५०

मुलगी विचारतेय, २ ला मेद चिकटला तर ते जड झालं ना? मग १४ आणि १ चं १६ कसं? जाड माणूस आधी कसा पोचला?

जेलबाबा | १४ जून, रात्री १०:१५

मुलीला शाबासकी द्या, एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारला की निम्मा वर्ग छताकडे बघतो. वजन वाढतंच, सुमारे ७०० डाल्टन. पण चिकटलेला मेद पाण्याला नाक मुरडतो, जेलमधल्या साबणाशी, एसडीएसशी, त्याचं जास्त जमतं, त्यामुळे तो रेणू जेलमध्ये जरा जोरात पळतो. जेल वजन मोजत नाही, पळण्याचा वेग मोजतो.

सोलापुरी_चादर | १४ जून, रात्री १०:४०

रच्याकने, अँटीबॉडी नसलेल्या जागांसाठी फॉस-टॅग जेल हा उपाय आहे. हिरोशिमा विद्यापीठात निघालेली युक्ती. जेलमध्ये मँगनीज धरून बसलेला रेणू घालायचा, तो फॉस्फेटला अडवतो, म्हणून फॉस्फेट असलेलं प्रथिन मागे राहतं आणि बँड वेगळे होतात.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा सगळे बँड हसरे आले, म्हणजे वाकडे. तीन आठवडे जेल बदलत बसले. शेवटी कळलं की लायसिस बफरमध्ये ईडीटीए होता, तो मँगनीज खेचून घेत होता. तो काढला तरी कडेची लेन वाकडीच. तिथे रंगीत मार्कर घातला होता, आणि त्यातही ईडीटीए! गंमत म्हणजे ट्रान्सफरच्या आधी मात्र जेल ईडीटीएमध्ये मुद्दाम भिजवायचा, नाहीतर प्रथिन मेम्ब्रेनवर उतरत नाही. आधी नको, मग हवा. सासूबाईंसारखं. हलके घ्या.

डाल्टन | १५ जून, दुपारी ४:००

मास स्पेकवाला (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) हजर. उशीर झाला, मशीन बंद होतं.

युबिक्विटिन (इतर प्रथिनांवर चिकटणारं छोटं प्रथिन) बघणार असाल तर लायसिसमध्ये एन-इथाइलमॅलेइमाइड घाला, नाहीतर युबिक्विटिन काढून टाकणारी विकरं पाच मिनिटांत पुरावा पुसतात. ते पाण्यात टिकत नाही, त्याच दिवशी बनवा. आणि त्याच बफरमध्ये डीटीटी घालू नका, दोघं एकमेकांनाच खातात. हे मी केलेलं आहे, म्हणून सांगतोय.

ट्रिप्सिनने कापल्यावर युबिक्विटिनची खूण म्हणून लायसिनवर दोन ग्लायसिन उरतात, ११४ डाल्टन. पण आयोडोॲसिटामाइड जास्त झालं, त्यात नमुना तापवला, तर त्याचेच दोन रेणू लायसिनवर बसून नेमके तेवढेच ११४ भरतात. एका पोस्टडॉकने "नवीन साईट" म्हणून दाखवलेल्या यादीतल्या बऱ्याच जागा अशाच निघाल्या. क्लोरोॲसिटामाइड वापरा. नेड८ आणि आयएसजी१५ या युबिक्विटिनच्या भावंडांचीही हीच खूण उरते, तेव्हा यादी बघून नाचू नका.

पिपेटवाली, तुझ्या प्रश्नाला यातलं काही लागत नाही. तू पी६२ हे प्रथिन बघ. तो कचऱ्यासोबत पिशवीत जातो आणि पचतो. ऑटोफॅजी खरंच वाढली तर कमी व्हायला हवा. फक्त वनस्पतींच्या अर्कांनी पेशीवर ताण येऊन एनआरएफ२ (ताणाच्या वेळी जनुकं चालू करणारं प्रथिन) जागा होतो आणि पी६२ नव्याने बनू लागतो. म्हणून पी६२ च्या एमआरएनएचंही क्यूपीसीआर कर, म्हणजे तो किती बनतोय ते मोज.

जेलबाबा | १५ जून, दुपारी ४:३०

बॅफिलोमायसिन मायक्रोग्रॅममध्ये मिळतं, किंमत ऐकून पाणी प्यावं लागतं. क्लोरोक्विन घ्या, मलेरियाचंच ते, स्वस्त.

डाल्टन | १५ जून, दुपारी ४:५२

स्वस्त आहे, पण क्लोरोक्विनने एलसी३ ऑटोफॅगोसोम नसलेल्या एकेरी पडद्यांवरही चिकटतं. बँड वाढतो, पिशवी नसते. परीक्षक हुशार दिसतोय, पकडेल. शेजारच्या लॅबमध्ये बॅफिलोमायसिन मागून बघ, चार लेनला लागतं किती!

पिपेटवाली | १५ जून, रात्री ११:२०

शेजारच्या लॅबमध्ये मिळालं. त्यांच्या फ्रीजवर पाटी आहे: "येथे डबा ठेवू नये. ठेवल्यास नमुना समजून जेलवर चढवण्यात येईल." मी डबा न ठेवता मागितलं, म्हणून दिलं.

आगाऊ बगळा | २९ जून, सकाळी ८:०५

धागा वर काढतोय. ताई, संपाचं काय झालं?

पिपेटवाली | ८ जुलै, रात्री १२:३०

झालं सगळं. तीन वेळा केलं, ताज्या लायसेटवर.

कंट्रोल: एलसी३-२ पुसट. अर्क: तिप्पट, पूर्वीसारखाच. नुसतं बॅफिलोमायसिन: साधारण चौपट. अर्क आणि बॅफिलोमायसिन: तेवढाच. म्हणजे तिसरी आणि चौथी लेन शेजारी ठेवल्यावर कुठली कुठली ते मलाच सांगता येईना. लेबल परत वाचावं लागलं.

पी६२ अर्काने वाढला. क्यूपीसीआरमध्ये त्याचा एमआरएनए जवळजवळ हलला नाही. मग लायसोट्रॅकर (आम्ल लायसोसोममध्ये चमकणारा रंग) घातला. कंट्रोलमध्ये लाल ठिपके भरपूर, अर्काच्या पेशींत मंद, काही पेशींत जवळपास काहीच नाही. म्हणजे लायसोसोमची आम्लताच गेली आहे.

७५७ चा बँड बीएसएमध्ये पहिल्याच दिवशी आला. अँटीबॉडी बदलावी लागली नाही. चादरताई, तुम्हाला एक किलो कंदी पेढे. आणि अर्काने तो बँड कमी झालेला नाही, कंट्रोलइतकाच आहे. म्हणजे वरून एमटॉरचा हुकूमही बदललेला नाही.

आज सरांना दाखवलं. सर दहा मिनिटं ब्लॉटकडे बघत बसले. मग म्हणाले, "शीर्षकात 'वाढवतो' आहे ना, तिथे 'अडवतो' टाक." एवढंच. मग चहा मागवला.

राईनकाठी | ८ जुलै, दुपारी १:१०

अभिनंदन. आणि खरं सांगायचं तर आता पेपर जास्त चांगला झालाय. लायसोसोम अडवणारा अर्क कर्करोगवाल्यांना जास्त कामाचा.

डाल्टन | ८ जुलै, दुपारी २:२५

अजून एक खोडी. अर्क लायसोसोमला हात घालतोय म्हटल्यावर मी क्लोरोक्विनबद्दल म्हटलेलं तुझ्या अर्कालाही लागू होऊ शकतं. एफआयपी२०० (ऑटोफॅगोसोम बनायला लागणारं प्रथिन) नसलेल्या पेशी कुठे मिळाल्या तर त्यात अर्क देऊन बघ. तिथेही एलसी३-२ वाढलं तर तेवढा भाग ऑटोफॅगोसोमचा नाही. आत्ता नको, परीक्षकाने विचारलं तर.

पिपेटवाली | ८ जुलै, दुपारी २:२७

डाल्टनदादा, तुम्हीच दुसरे परीक्षक नाही ना?

डाल्टन | ८ जुलै, दुपारी २:४०

नाही हो. मी असतो तर शुद्धलेखनही काढलं असतं.

पहिलंच_वर्ष | १९ ऑगस्ट, रात्री १०:१८

जुना धागा वर काढल्याबद्दल माफी. पिपेटवाली ताई, एलसी३ ची अँटीबॉडी किती पातळ केली होतीत? माझा नुसता पांढरा पडदा येतोय.

पिपेटवाली | १९ ऑगस्ट, रात्री ११:०५

१:१०००, ५ टक्के बीएसए, रात्रभर ४ अंशांवर. आणि आधी पॉन्सो (प्रथिनं लाल रंगवणं) करून बघ, प्रथिन मेम्ब्रेनवर उतरलंय का. माझा एकदा ट्रान्सफरचा सँडविच (जेल आणि मेम्ब्रेनची चळत) उलटा लागला होता, सगळं बफरमध्ये गेलं होतं.